पिवळी मूठ

आमच्या घरचा बॉयलर त्या जानेवारीत बिघडला, आणि बिघडला तोही अशा रीतीनं की कुणाला दाखवायची सोय नाही. सकाळी उठावं तर घर गार पडलेलं. खाली बेसमेंटमध्ये जाऊन बघावं तर बॉयलरचा लाल दिवा लुकलुकतोय. रीसेटचं बटण दाबलं की भप्पकन पेटायचा आणि दिवसभर गुण्यागोविंदानं चालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाल दिवा. दुखरा दात डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्याबरोबर थांबतो, त्यातली गत. टेक्निशियन आला की याला काही झालेलंच नसायचं.

पार्सिपनीतलं आमचं घर जुनं आहे. नव्या घरांत गरम हवा फुंकणारी भट्टी असते, आमच्याकडे बॉयलर गॅसवर पाणी तापवतो आणि ते भिंतीच्या कडेकडेनं पाइपांतून घरभर फिरतं. तो बंद पडला की घर लगेच गार होत नाही, हळूहळू होतं, म्हणून रात्री झोपेपर्यंत आम्हाला काही कळायचं नाही. बाहेर बर्फ साचलेला आणि घरात माझे बाबा, ऐंशीच्या पुढचे, जन्म सगळा सांगलीकडच्या उन्हात गेलेला. सकाळी त्यांना दोन स्वेटर आणि कानटोपी घालून सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेलं पाहिलं की मी आधी धावत खाली बटण दाबायला जायचे. आई गेल्यावर मीच हट्टानं त्यांना इकडे आणलं होतं. या वयात एकटे कसे राहणार, असं सगळ्यांना ठणकावून सांगून आणलं होतं. आता माझ्याच घरात ते कुडकुडत होते.

गंमत अशी, की बॉयलर या विषयात आमच्या घरात बाबांइतका अधिकारी माणूस नव्हता. साखर कारखान्यात त्यांची सगळी नोकरी बॉयलरवर झाली. अटेंडंट म्हणून लागले आणि बॉयलर हाउसचे फोरमन होऊन निवृत्त झाले. उसाचा भुस्सा जाळणारं ते दोन-तीन मजली धूड मी लहानपणी पाहिलंय. ते आले त्या आठवड्यात मी त्यांना बेसमेंट दाखवायला नेलं, तेव्हा आमच्या बॉयलरसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, “हे कपाट कसलं?” मी सांगितल्यावर खोकला येईपर्यंत हसले.

मग मात्र त्यांच्यातला फोरमन जागा झाला. इंधन कुठून येतं, पाणी कुठून येतं, धूर कुठून जातो. मी गॅसचा पाइप दाखवला आणि त्याच्यावरचा कॉक. पिवळ्या मुठीचा. मूठ पाइपाच्या रेषेत असली की गॅस चालू, आडवी केली की बंद.

“वर स्वयंपाकघरात गॅस दिसला नाही मला,” बाबा म्हणाले.

“वरची शेगडी विजेची आहे. घरात गॅस तो एवढाच.”

त्यांनी मूठ एकदा आडवी केली, पुन्हा सरळ केली. “चांगला आहे. घट्ट बसतो,” म्हणाले. त्यांच्या पसंतीला उतरलं की ते एवढंच म्हणतात. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तेव्हासुद्धा साधारण असंच काहीतरी म्हणाले होते.

त्या दसऱ्याला त्यांनी बॉयलरची पूजा केली. कारखान्यात हंगामाआधी बॉयलर पेटवण्याचा समारंभ असायचा, त्याची सवय. नारळ फोडायला मी नको म्हटलं, म्हणून नुसती हळद, कुंकू आणि दोन फुलं. पुढे पहिल्यांदा टेक्निशियन आला तेव्हा तो पांढऱ्या पत्र्यावरचा तो लाल ठिपका बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत बसला. त्याला वाटलं आतून गंज गळतोय. समजावून सांगितल्यावर बिचारा दोन पावलं मागे सरकला आणि काम संपेपर्यंत पत्र्याच्या त्या भागाला त्यानं हात लावला नाही.

त्यानं पहिल्या वेळी आग पेटवणारा इग्नायटर बदलला. दुसऱ्या वेळी ज्योत पेटली की नाही हे ओळखणारी काडी घासूनपुसून स्वच्छ केली. बॉयलरच्या आठवणीत बिघाडाचा एकच प्रकार नोंदला जायचा, ‘ज्योत नाही’. म्हणजे ठिणगी पडते, पण आग लागत नाही. तीनदा प्रयत्न करून तो हात टेकतो आणि रीसेट करेपर्यंत कुलूपबंद होतो. गॅसचा दाब मोजला तर उत्तम. मग थंडीनं बाहेरच्या मीटरमध्ये काही गोठत असेल, असा एक तर्क निघाला. तेही तपासून झालं. माझा नवरा एव्हाना कंटाळला होता. “अगं, पूर्ण युनिटच रिप्लेस करून टाकू यार,” तो म्हणाला. “रोज सकाळी हा काय ड्रामा?”

बाबा ऐकून अस्वस्थ झाले. “कारण न शोधता यंत्र बदलायचं? उद्या नवंही बंद पडेल.”

टेक्निशियन येणार असला की बाबा आधीच तयार होऊन बसायचे. बेसमेंटमध्ये घडीची खुर्ची टाकून, हातात काठी, डोळे बॉयलरवर. इंग्रजी तुटकं, पण यंत्राची भाषा दोघांची एक. तो माणूस त्यांना प्रत्येक सुटा भाग हातात द्यायचा आणि ते तो उलटसुलट करून, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर बॉयलर बिघडला ते एका परीनं बरं झालं, असंही मला त्या दिवसांत वाटून गेलं.

कारण बाकीच्या वेळी त्यांचं काहीतरी सुटत चाललं होतं. ते मला दिसत होतं आणि मी ते बघत नव्हते. नुकतंच जेवून उठलेले असताना विचारायचे, आज जेवण उशिरा का? आमच्या गल्लीत फिरायला जाऊन शेजाऱ्यांच्या दारात किल्ली लावत उभे राहिले. कारखान्यातली कुठल्या साली कुठली नळी फुटली ते लख्ख आठवायचं, पण सकाळी फोनवर माझ्या आतेशी बोलले ते दुपारी पुसलेलं असायचं. माझी एक मैत्रीण हळूच म्हणाली, “काकांना एकदा डॉक्टरांना दाखव गं.” मला इतका राग आला की मी तिला उलट विचारलं, तुझ्या घरी सगळे ठीक आहेत ना? देश नवा, घरं सगळी एकसारखी, थंडीनं माणूस घरात कोंडलेला. तरणाताठा माणूसही गोंधळेल. असं मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही.

एका शनिवारी, टेक्निशियन तिसऱ्यांदा येऊन गेल्यावर, बाबांनी मला खाली बोलावलं. खुर्चीतून न उठता त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांच्या हाताखालच्या पोरांना विचारत असतील तसे.

“दिवसा कधी बंद पडलाय?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही, बाबा.”

“आणि सकाळी बटण दाबलं की पहिल्या झटक्यात पेटतो. खाकरत नाही, अडखळत नाही.”

“नाही.”

त्यांनी काठीचं टोक पिवळ्या मुठीकडे केलं. मग म्हणाले, “हे बघ, यंत्राला दिवस-रात्र कळत नाही. ते माणसाला कळतं. भाग खराब असता तर दुपारीही बंद पडला असता. ठिणगी पडते आणि ज्योत नाही, म्हणजे त्या वेळी गॅसच नाही. सकाळी गॅस आहे. तुझ्या घरात कुणीतरी संध्याकाळी हा कॉक बंद करतंय आणि सकाळी उघडतंय.”

मी हसले. मग हसू थांबलं, कारण ते बरोबर होतं. भाग बदलून झाला, टेक्निशियन तीनदा येऊन गेला, आणि सगळ्या खुणांना लागू पडणारं उत्तर एवढंच होतं.

“कोण करेल असं?” मी म्हटलं.

बाबांनी आवाज खाली आणला. “जावईबापूंना विचार. काटकसरीचा स्वभाव आहे त्यांचा.”

“आणि तेच निघाले तर?”

“तर बॉयलरजवळ येऊ द्यायचं नाही. जावई असला म्हणून काय झालं?” मग त्यांनी त्यांच्या हाताखालच्या, बॉयलरची आग सांभाळणाऱ्या एका फायरमनची गोष्ट सांगितली. जुना, जिवाला जीव देणारा माणूस. वयानं विसरायला लागला आणि एकदा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून तसाच निघून गेला. थोडक्यात निभावलं. “त्याच दिवशी त्याला शिफ्टवरून काढला. वाईट वाटलं, पण इथं दयामाया उपयोगाची नाही. मात्र तोंडावर सांगून काढला. चहा पाजला आणि सांगितलं, बाबा रे, तुझ्याच्यानं आता होत नाही. मागून काढलं असतं, तर माझं काय चुकलं म्हणून जन्मभर विचारत फिरला असता.”

मी वर गेले आणि नवऱ्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, मी बेसमेंटमध्ये फक्त बर्फाचं फावडं आणायला जातो, तेही तू तीनदा सांगितल्यावर. हे इतकं खरं होतं की भांडण तिथंच संपलं. मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात. घरात उरलं कोण? हा हिशेब कुणालाही जमला असता. मला त्या दुपारी जमला नाही, किंवा मी तो करायलाच बसले नाही.

त्याच संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर मी खाली, ड्रायरच्या आतल्या दिव्याच्या उजेडात, कपडे काढत होते. आमचं वॉशर-ड्रायर बॉयलरच्या पलीकडे, एका भिंतीआड आहे. जिन्यावर पावलं वाजली. काठी नव्हती, कठडा धरून सावकाश कुणी उतरत होतं. भिंतीच्या कडेनं डोकावले तर बाबा होते. दिवा लावला, सरळ बॉयलरपाशी गेले आणि पिवळी मूठ आडवी केली. अंगठ्यानं दाबून नीट बसली का ते पाहिलं. आणि मग जिन्याकडे तोंड करून, घरातल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “केला गं बंद.”

ते क्षणभर तसेच थांबले. मग दिवा मालवून वर गेले.

सांगलीच्या घरी सिलिंडर ओट्याखाली असायचा. आईचे गुडघे दुखायचे, तिला वाकता यायचं नाही. म्हणून रात्री स्वयंपाकघर आवरून झालं की रेग्युलेटर बंद करणं हे बाबांचं काम आणि सकाळी पहिल्या चहाला उघडणंही त्यांचंच. आई अंथरुणावर पाठ टेकल्या टेकल्या विचारायची, “अहो, गॅस बंद केला का?” आणि बाबा म्हणायचे, “केला गं बंद.” मी जन्मभर हे ऐकत झोपले. तुमच्याही घरी कुणीतरी कुणालातरी हेच विचारत असेल. त्याशिवाय आपल्याकडे घर झोपत नाही. पार्सिपनीत बाबांना घरभर शोधून गॅसचा एकच कॉक सापडला होता, आणि तो मीच दाखवला होता.

मी गरम कपडे छातीशी धरून अंधारात उभी राहिले. थोड्या वेळानं वर कुठल्यातरी खोलीला ऊब हवीशी झाली आणि बॉयलर सुरू व्हायला निघाला. टिक टिक टिक ठिणगी पडली, ज्योत नाही. पुन्हा टिक टिक टिक. तीनदा झालं आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. मी पहिल्यांदाच त्याला बंद पडताना पाहत होते. मला रडू आलं ते तिथं. आई गेली तेव्हाही एवढं आलं नव्हतं, कारण तेव्हा मला बाबांना सांभाळायचं होतं.

मूठ सरळ करून, बटण दाबून मी वर आले. नवऱ्याला सांगितलं. त्यानं माझ्या हातातले कपडे घेतले आणि एकेक करून घड्या घालायला लागला.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. डॉक्टरांनी बाबांना वार विचारला, आपण कुठल्या राज्यात आहोत ते विचारलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बाबांनी शब्दांऐवजी त्यांना वाफेचा दाब कसा सांभाळायचा ते समजावलं. डॉक्टर भल्या होत्या, ऐकून घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, यांना दिवसा घरात एकटं ठेवू नका. आज कॉक बंद करतायत. उद्या दुसरंच काहीतरी उघडून ठेवतील. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. बाबांनी मला ते आधीच सांगितलं होतं, फायरमनची गोष्ट सांगून.

आम्ही दोघंही नोकरी करणारे. मग देसी म्हाताऱ्यांसाठी चालवलेलं एक डे केअर शोधलं. सकाळी गाडी न्यायला येते, दुपारी जेवण, कॅरम, भजनं, संध्याकाळी घरी. मी बाबांना म्हटलं, घरात कंटाळता ना, म्हणून. टेक्निशियनला शेवटचं बोलावलं आणि कॉकची मूठ काढून टाकायला सांगितली. नुसता बोल्ट राहिला, पान्याशिवाय फिरणार नाही असा. बेसमेंटच्या दाराला नवऱ्यानं कुलूप लावलं. मूठ मी स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांच्या मागे ठेवून दिली. फेकवली नाही.

कुलूप लावलं त्या संध्याकाळी मी ओटा पुसत होते. जेवण झाल्यावर बाबा उठले आणि बेसमेंटच्या दाराशी गेले. मी पुसायची थांबले नाही. त्यांनी कडी ओढली, कुलूप हातात घेतलं, सोडलं. बराच वेळ दाराकडे बघत उभे राहिले. मग येऊन टेबलाशी बसले.

“कोण बंद करत होतं ते सापडलं वाटतं,” ते म्हणाले.

“हो.”

“काढलंस त्याला?”

“हो, बाबा.”

“सांगितलंस का त्याला?”

मी फडकं पिळत राहिले. खोटं बोलायला मला एरवी वेळ लागत नाही. डे केअरचं किती सहज सांगितलं होतं. पण समोर ते फोरमन होऊन बसले होते आणि त्यांचा नियम मला माहीत होता.

“नाही सांगितलं,” मी म्हटलं.

“सांगायला पाहिजे गं. तोंडावर सांगायला पाहिजे.”

मी हात पुसले. चहा टाकला. रात्री आम्ही कधी चहा घेत नाही, पण टाकला. दोन कप घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, “बाबा, तुम्ही बंद करत होता.”

मी सगळं सांगितलं. पावलं, दिवा, मूठ, जिन्याकडे तोंड करून काय म्हणाले ते. त्यांनी मध्ये एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. चहा बशीत ओतला, फुंकून प्यायले.

“मला आठवत नाही,” शेवटी म्हणाले. मग थोड्या वेळानं, “पण मी केलं असणार. सगळ्या खुणा जुळतात.”

“रागावलात?”

“तुझ्यावर? नाही. कुलूप बरोबर लावलंस.” त्यांनी बशी कपाखाली ठेवली, कप त्यावर नीट मधोमध बसवला. दाराकडे एकदा पाहिलं. मला वाटलं आता उठतील. पण ते तसेच बसून राहिले आणि मग लहान मुलानं विचारावं तसं, खरोखरच अडचणीत पडून त्यांनी मला विचारलं, “पण ती विचारते गं रोज. तिनं विचारलं तर काय सांगू?”

मी त्यांचा हात धरला. तो गरम होता, घर गरम होतं, खाली बॉयलर चालू असल्याचा बारीक आवाज येत होता.

“बंद केला म्हणून सांगा,” मी म्हटलं.